आजीला तहसीलला न्यायच्या आधी

आमच्या बीडकडं दसरा झाला की गाव अर्धं रिकामं होतं, पोरगं-सून कोयता घेऊन साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जातात अन घरी उरते म्हातारी आणि एखादं नातवंड. म्हणून पहिलं हेच सांगते, ज्यांचं श्रावणबाळचं, म्हणजे म्हाताऱ्यांना महिन्याला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचं, काम बाकीय त्यांनी ते ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी उरकून घ्या, कारण म्हातारीच्या आधारला नंबर पोराचा असतो, ओटीपी जातो तिकडं उसाच्या फडात आणि इकडं ती सेतूवाल्यापुढं ताटकळत बसते. मी आमच्या आजीला घेऊन चार चकरा मारल्यात, त्यातल्या दोन तर निव्वळ कागदापायी, अन प्रत्येक वेळी घरी आली की गुडघे सुजलेले. कागद आधीच बघून ठेवले असते तर त्या दोन चकरा नक्की वाचल्या असत्या.

तर आदल्या दिवशी आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड आणि पासबुक हे चारही चटईवर मांडा आणि नाव अक्षर अक्षर वाचा. आमच्याकडं आधारला नावापुढं बाई लावलेलं, पासबुकात नाही, आजोबांच्या नावात एका कागदावर राव आणि दुसऱ्यावर नुसतंच नाव. डोळ्याला किरकोळ वाटतं पण अर्ज तिथंच अडकतो. त्यातल्या त्यात बँकेत जाऊन आधारप्रमाणं नाव करून घेणं सोपं पडतं. मग वय बघा, श्रावणबाळला 65 पूर्ण पाहिजेत. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारला जन्मतारीख 1 जानेवारी असते कारण खरी तारीख कुणालाच माहीत नाही, मराठवाडा मोकळा झाला 1948 ला, त्याच्या आगेमागे जन्मलेल्या पोरींना शाळेत कोण घालत होतं? टीसी नसतेच मग. अशावेळी मतदान कार्ड किंवा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरचा वयाचा दाखला बघावा लागतो, पण तुमच्या तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत, जिथं श्रावणबाळचंही काम चालतं, कोणता चालंल ते आधी एकानं एकट्यानं जाऊन विचारून या, म्हातारीला संगं नेऊ नका.

बाकी कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला, वर्षाला 21 हजाराच्या आत पाहिजे, त्यासाठी तलाठी गाठा. महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, आणि बाई विधवा असंल तर मालकाच्या मृत्यूचा दाखला. तिला 65 झाले नसतील तर श्रावणबाळ नाही, संजय गांधीचा फॉर्म भरायचा, पैसे दोन्हीकडं महिन्याला 1500 च आहेत. अर्ज दिला की पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय उठूच नका, कारण पुढं तालुक्याच्या समितीत कधी मंजूर होईल त्याचा नेम नसतो आणि विचारायला गेलं की पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

आता बँकेचं, इथं लई लोक फसतात. खात्याला आधार जोडलंय म्हणजे झालं असं नसतं, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे, ज्या खात्याला आधार सीडिंग (हे पैसे घेण्यासाठीची आधारची नोंद) शेवटी झालंय तिथं जातात. म्हातारीला कधीतरी गावात कुणीतरी कॅम्पात दुसरं खातं काढून दिलेलं असतं, तिला आठवतही नाही, पैसे तिथं पडत राहतात आणि इकडं पासबुक कोरं. म्हणून बँकेत सीडिंग कोणत्या खात्याला आहे तेच सरळ विचारा. अंगठ्याचंही तसंच, जन्मभर खुरपणी केलेल्या, भाकरी थापलेल्या बोटांच्या रेषा मशीनला सापडत नाहीत, तेव्हा बुबुळाचं मशीन आहे का विचारायचं, तिला "नीट दाब ना माय" म्हणून ओरडायचं नाही. योजनेचा पगार सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीची, म्हणजे म्हातारी जिवंत असल्याची, नोंद करावी लागते, ती चुकली की पैसे बंद.

तालुक्याला जातच आहात तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या, 70 च्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न बघत नाहीत, वर्षाला 5 लाखापर्यंत उपचार, आधार पुरतं, आशाताईलाही विचारा. चष्मा, काठी, कानाचं मशीन, कमोड खुर्ची यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3000 रुपये एकदाच मिळतात, 65 पूर्ण आणि उत्पन्न 2 लाखाच्या आत, बिल जपून ठेवा. एसटीला 75 च्या पुढं तिकीटच नाही, 65 ते 75 ला अर्धं, आणि बायकांना तसंही अर्धंच, फक्त ओरिजनल आधार पिशवीत पाहिजे. त्याच पिशवीत गोळ्या, पाणी आणि भाकरी ठेवा, शुगर असलेल्या म्हाताऱ्या लाजून उपाशी बसतात.

आणि ज्यांची पोरं असूनही बघत नाहीत त्यांच्यासाठी आई-वडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळाचा 2007 चा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करून पोटगी मागता येते. आमच्याकडच्या आया पोराविरुद्ध अर्ज करायच्या नाहीत, मला माहितीय, तरी निदान 14567 हा म्हाताऱ्या माणसांसाठीचा फुकटचा हेल्पलाईन नंबर त्यांच्या घरी कॅलेंडरवर मोठ्या आकड्यात लिहून द्या आणि तो लावायचा कसा ते तिच्याच फोनवर एकदा लावून दाखवा.