पेंड आंबवण्याआधी बुरशी बघा: पावसाळ्यातील मत्स्यखाद्याचा सल्ला

फिशमील (सुक्या मासळीची भुकटी) परवडत नाही म्हणून शेततळ्यांत आणि धरणातल्या पिंजऱ्यांत मासे पाळणारे आता आंबवलेल्या सोयाबीन पेंडीकडे वळलेत. हे योग्यच आहे. पण श्रावण लागला की एक चूक हमखास होते. ओल लागलेली, बुरसलेली पेंड ‘आंबवली की शुद्ध होते’ म्हणून ड्रममध्ये जाते.

तशी ती शुद्ध होत नाही. बुरशीचं विष, म्हणजे अफलाटॉक्सिन, घरच्या आंबवण्याने जात नाही आणि शिजवूनही जात नाही. त्यात मासे एका रात्रीत मरत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आधी खाणं कमी होतं, मग यकृत खराब होतं, वाढ खुंटते आणि जाळं ओढल्यावर नुकसान कळतं. अशी तळी मी पाहिली आहेत. तोवर दुकानदाराने लिव्हर टॉनिक आणि बाइंडर (विष बांधून ठेवतं म्हणून खाद्यात मिसळायची भुकटी) विकलेलं असतं. बुरसलेली पेंड बाइंडरने चांगली होत नाही, तो खर्च करू नका.

चांगली पेंड आंबवली तर फायदा खरा आहे. न पचणाऱ्या शर्करा कमी होतात, फायटेट या सोयाबीनमधल्या घटकात अडकलेला फॉस्फरस थोडाफार सुटतो. कच्चं सोयाबीन मात्र आधी भाजूनच घ्या. महागडी कल्चरची बाटलीही लागत नाही, ताज्या ताकाने काम होतं.

कृती:
- सोयाबीन पेंड 10 किलो, पाणी 5 लिटर, ताक अर्धा लिटर, मूठभर गूळ
- ड्रममध्ये दाबून हवाबंद, सावलीत 48 ते 72 तास
- सामू (pH) 5च्या खाली
- उघडल्यावर दोन दिवसांत संपवणे

वास इडलीच्या पिठासारखा आंबट आला पाहिजे. कुबट वास, हिरवा-काळा थर किंवा तार दिसली तर सगळा ड्रम टाकून द्या, वरचा थर काढून उरलेलं वापरू नका. उन्हाचा भरवसा नसताना जास्त आंबवून वाळवत बसू नका. अर्धवट वाळलेला माल पोत्यात भरला की बुरशी आलीच. कोरडी पेंडही फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा.

तिलापिया, सायप्रिनसला (कॉमन कार्प) फिशमीलचा पाव हिस्सा बदलून सुरुवात करा, वाढ बघून पुढे जा. सोयाबीनमध्ये मेथिओनिन (प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल) कमी असतं, म्हणून एकदम सगळं बदलू नका. मरळ, जिताडा हे मांसाहारी, त्यांचं फिशमील सांभाळूनच कमी करा. पहिले काही दिवस मासे खाद्याकडे हळू येतात, तेव्हा घाबरून खाद्य वाढवू नका.

खाद्य रोज माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के, ऊन वर आल्यावर. ढगाळ दिवशी निम्मं. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू.

फेकायची बुरसलेली पेंड गाईम्हशींपुढे टाकू नका, विष दुधात उतरतं. खड्ड्यात पुरा.