परमिट रूममध्ये कामाला लागणाऱ्यांसाठी: रत्नागिरीतला 14 वर्षांचा अनुभव

रत्नागिरीत परमिट रूममध्ये वेटर म्हणून लागू पाहणारी मुलं मला विचारतात, काम जड जाईल का? ट्रे धरायला आठवडा लागतो, ब्रँड पाठ व्हायला महिना. समोर बसलेला माणूस ओळखायला मला तीन वर्षं लागली, आणि खरं काम तेच आहे. मी आधी मिरकरवाड्याच्या वाटेवरच्या एका जुन्या बारमध्ये होतो, नंतर साळवी स्टॉपच्या बाजूला आलो. गाव एकच, पण गिऱ्हाईक पार वेगळं.

बंदराकडच्या बारमध्ये गर्दीची वेळ होड्या ठरवतात. होडी लागली, मासळीचा लिलाव उरकला, की भर दुपारी दोन वाजता हॉल भरतो. खलाशी एकट्यानं येत नाहीत, पाच-सहा जण मिळून येतात. बरोबर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, असेल तर बिल त्याच्याच हातात द्या. खलाशांत नेपाळची आणि कर्नाटकातली मुलं पुष्कळ. त्यांच्याशी हिंदीत बोला, पण अरे-तुरे करू नका. कपड्याला मासळीचा वास येतो म्हणून कोपऱ्यातलं टेबल दाखवणारे वेटर मी पाहिलेत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कित्येक दिवस पाण्यात काढून आलेला माणूस आधी पोटाचं बघतो. त्याला सुरमई नको असते, चिकन किंवा अंडा मसाला हवा असतो. म्हणून पहिल्या पेगबरोबरच जेवणाचं विचारा. पोटात अन्न गेलं की पुढची संध्याकाळ त्यालाही सोपी जाते आणि तुम्हालाही.

1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारल्या जातात, खलाशी आपापल्या मुलखाला जातात, आणि बंदराकडचे मालक वेटर कमी करतात. त्यामुळे मे महिन्यात कामाला लागलात तर पहिल्याच पावसात घरी बसाल. ऑगस्टमध्ये लागा. तेव्हा श्रावणामुळे गावातली गिऱ्हाइकी थोडी मंद असते, शिकायला सवड मिळते. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, मात्र नव्या मुलाला हॉलमध्ये सोडू नये असं माझं मत आहे. त्या दिवशी त्याला आत किचनच्या खिडकीवर उभं करावं. गणपतीत चाकरमानी गावी येतात, पण ज्याच्या घरात गणपती आहे तो सहसा विसर्जनापर्यंत फिरकत नाही. गौरी-गणपती गेले की त्याच रात्री खुर्च्या कमी पडतात. शिमग्यालाही थोडंफार असंच.

साळवी स्टॉपकडे आल्यावर मला संध्याकाळी सहा ते आठची मंडळी कळली. ऑफिसातले क्लार्क, निवृत्त शिक्षक, कोर्टाकडचे लोक. पिशवी पायाशी ठेवतात, भिंतीकडे तोंड करून बसतात, ‘नाइन्टी’ (म्हणजे 90 मिली) एवढाच शब्द बोलतात आणि अर्ध्या तासात उठतात. यातल्याच एका काकांना मी एकदा बाजारात हाक मारली, ‘काका, काल आला नाहीत?’ शेजारी त्यांची मुलगी उभी होती. काका काही बोलले नाहीत, पण त्यानंतर चार महिने आले नाहीत. मी त्यांचं वाईट चिंतलं नव्हतं, तरी त्यांची बसायची जागा मी हिरावून घेतली होती. ते परत आले तेव्हा मी पाणी ठेवलं, शेंगदाणे ठेवले आणि तिथून बाजूला झालो. बाहेर भेटलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं ओळख दिली तरच ओळख द्या. फोनवर कुणाच्या घरच्यांनी ‘आलेत का तिथे?’ विचारलं तर मालकाकडे फोन द्या, आपण उत्तर देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये आंब्याची माणसं येतात: बागायतदार, दलाल, गाडीवाले. बोलणं सगळं पेटीचं, आणि दर दहा मिनिटांनी वाशीच्या बाजारात फोन. भाव उतरला की टेबल गप्प होतं. अशा वेळी ‘शेठ, अजून काय आणू?’ म्हणून मागे लागू नका.

शनिवार-रविवारी कोल्हापूर-पुण्याच्या गाड्या येतात. त्यांना मासा ताजा आहे का हे खरं सांगा, पापलेट फ्रिजमधलं असेल तर तसं सांगा आणि बांगडा खायला घाला. बायका असतील तर त्यांना फॅमिली रूम कुठे आहे ते सांगा, पण तिथेच बसा असा आग्रह धरू नका. त्यांच्या ग्लासाकडे बघत उभे राहू नका. गोव्याहून परतणारा कुणी स्वतःची बाटली टेबलावर काढतो. ती उघडू द्यायची नाही. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात बाळगणं गुन्हा आहे, आणि एक्साइजचा माणूस आला तर मालकाचं लायसन्स धोक्यात येतं.

कायद्याचं तेवढं पक्कं करून ठेवा. ‘परमिट रूम’ हे नावच 1949च्या दारूबंदी कायद्यातून आलंय: पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये. वयाची अट बिअर-वाईनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं. कॉलेजची मुलं आली की ओळखपत्र मागा, हसून मागा, पण मागाच. मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि 2 ऑक्टोबर बंद म्हणजे बंद, मागच्या दारानंही नाही. आपला नोकरनामा, म्हणजे बारमध्ये काम करायची एक्साइजकडची परवानगी, मालकानं केलाय का, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. हिशेब सोपा आहे: स्मॉल 30 मिली, लार्ज 60, क्वार्टर 180, आणि 750च्या बाटलीतून 25 स्मॉल निघतात. माप चोरायला सांगणारा मालक भेटला तर ती नोकरी सोडा. ज्याचं माप एकदा कमी भरलं तो वर्षानुवर्षं ते विसरत नाही.

नोकरी एका आदेशानंही जाते, हे 2017ने दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 1 एप्रिलपासून महामार्गापासून 500 मीटरच्या आतले बार बंद करावे लागले. मुंबई-गोवा महामार्गावर काम करणारी माझ्या ओळखीची मुलं त्या आठवड्यात काम शोधत शहरात आली. पुढे नियम सैल झाले, तरी त्यातली काही जण परत गेलीच नाहीत. म्हणून किचनचं कामही शिकून घ्या. सोलकढी, मांदेली फ्राय, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं ज्याला नीट जमतं त्याला जेवणाच्या हॉटेलातही काम मिळतं.

आणि जास्त झालेल्या माणसाला ‘बस झालं’ कसं म्हणायचं? सगळ्यांसमोर कधीच नाही. शेजारी वाकून, ‘दादा, किचन बंद होतंय, जेवून घ्या,’ एवढंच. गाडीची चावी मागून घ्या, दिली नाही तर मालकाला बोलवा. पहिल्या आठवड्यातच स्टँडवरच्या दोन-तीन रिक्षावाल्यांचे नंबर घेऊन ठेवा, अशा गिऱ्हाइकाला त्यांच्याच रिक्षात बसवून द्या, आणि रात्री निघण्याआधी त्या रिक्षावाल्याला फोन करून विचारा: पोचले का ते घरी?