यॉर्की घरी आणताय? मग आधी एवढं वाचाच

आमच्याकडे सहा वर्षं यॉर्कशायर टेरियर, म्हणजे यॉर्की जातीची छोटी कुत्री आहे, नाव चिमी. लिफ्टमध्ये भेटेल तो तिला बाहुलीसारखं उचलायला बघतो आणि मी दर वेळी सांगते की अहो ही उंदीर मारणारी जात आहे. खरंच. १९व्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी इंग्लंडमधे यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांत आले, सोबत त्यांचे छोटे टेरियर आले, त्यातून ही जात घडली आणि गिरणीतले उंदीर पकडायचं काम हिच्याकडे आलं. हडर्सफील्ड बेन (१८६५ ते १८७१) हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानतात.

म्हणून स्वभाव तसाच. बेल वाजली भुंकणार, गॅलरीत कबुतर आलं भुंकणार, रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्यावर पण धावून जाणार, त्यामुळे बाहेर लीश हातातून सोडायची नाही म्हणजे नाही. पिल्लू आणल्या दिवसापासून 'बस', 'थांब' शिकवा, पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, खाऊ देऊन. ओरडून काही शिकत नाहीत. घरात लहान मूल असेल तर आधी त्याला जमिनीवर बसवा आणि मगच पिल्लू मांडीवर द्या, हातातून पडलं की पाय मोडतो.

पिल्लं जन्मतात काळी आणि टॅन (तांबूस तपकिरी), पाठीवरचा तो पोलादी निळसर रंग यायला दोन-तीन वर्षं जातात, तेव्हा काळं पिल्लू दिलं म्हणून घाबरू नका. वजन मोठेपणी साधारण ३.२ किलोपर्यंत. 'टीकप यॉर्की' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ निघून या, तशी वेगळी जातच नाही आणि इतकी बारकी पिल्लं फार आजारी पडतात.

केस आपल्यासारखे वाढतच राहतात. रोज विंचरायला लागतात, पण कोरडे विंचरले तर तुटतात, आधी थोडा कंडिशनरचा स्प्रे मारा. कानामागे आणि काखेत गुंता आधी होतो, तिथे बोट घालून बघा. मला विचाराल तर डॉग शोमध्ये उतरवायचं नसेल तर केस बारीकच ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाच्या चिखलात लांब केस म्हणजे तिलाच त्रास. आंघोळ दोन आठवड्यांनी पुरते.

आता दात, इथे सगळे चुकतात, मी पण चुकले. दुधाचे सुळे कधीकधी पडतच नाहीत, नवा दात शेजारी येतो आणि मधे अन्न अडकून हिरड्या सडतात. सहा-सात महिन्यांची झाली की तोंड उघडून बघा, दोन-दोन सुळे दिसले तर व्हेटकडे न्या, बहुतेक वेळा नसबंदीच्या भुलीतच काढून देतात. रोज ब्रश, कुत्र्यांचीच पेस्ट, आपली नको.

गळ्याला पट्टा बांधून ओढायचं नाही, छातीचा हार्नेस घ्या. यांची श्वासनलिका नाजूक असते, बदकासारखा खोकला ऐकू आला तर लगेच दाखवा.

सोसायटीत उंदरांचं औषध टाकतात तेव्हा मी चिमीला खाली सोडतच नाही, ती औषध खाल्लेला उंदीर पकडेल हीच भीती. लेप्टोची लस पण पावसाळ्याआधी विचारून घ्या, तो आजार उंदरांच्या मूत्रातून येतो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि शिऱ्यातले बेदाणे अजिबात नाही, पाहुण्यांना पण सांगून ठेवा.

पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या. उपाशी राहिलं की साखर उतरते, थरथरतं, सुस्त पडतं. तेव्हा बोटावर थोडा मध घेऊन हिरड्यांना चोळा आणि तसंच उचलून डॉक्टरकडे पळा, घरी वाट बघत बसू नका.