इनडोअर विक्रमांची वही: अशी मांडा, अशी सांभाळा

पुण्यात पेठेतल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं पीटी शिकवली. निवृत्त झाले तरी सणस मैदानावर शालेय स्पर्धा असल्या की गळ्यात स्टॉपवॉच अडकवून टाइमकीपरच्या पायऱ्यांवर जाऊन बसते. मांडीवर माझी विक्रमांची वही असते. ती बघून मुलं, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईबाबा विचारतात, "बाई, आम्हालाही अशी वही करायची आहे. सुरुवात कुठून करू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. अॅथलेटिक्सच्या जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेपासून करा, म्हणजे धावणं, उड्या, गोळाफेक यांची छताखाली होणारी स्पर्धा. ऑलिंपिकपासून सुरुवात केली की माणूस शंभर वर्षांच्या ढिगात गुदमरतो. इनडोअरचं तसं नाही. सगळा इतिहास 1985 पासूनचा, स्पर्धा तीन दिवसांत आटोपते आणि आजच्या घडीला पुरुषांचे तेरा, महिलांचे तेरा प्रकार. अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी लाँगबुक आणा, त्यात सगळं मावतं. एक काळं पेन आणि एक पेन्सिल एवढंच आणखी लागेल. पेन्सिल कशाला, ते शेवटी सांगते.

पहिलं पान शहरांचं. वर्ष आणि शहर, एवढंच लिहा. 1985 पॅरिस, 1987 इंडियानापोलिस, 1989 बुडापेस्ट, 1991 सेव्हिल, 1993 टोरांटो, 1995 बार्सिलोना, 1997 पॅरिस, 1999 माएबाशी, 2001 लिस्बन, 2003 बर्मिंगहॅम. इथवर दोन-दोन वर्षांची चाल आहे. मग लगेच 2004 बुडापेस्ट. मैदानावरची जागतिक स्पर्धा विषम वर्षांत भरते, म्हणून इनडोअर सम वर्षांत नेली. त्या बदलात दोन स्पर्धा पाठोपाठ आल्या. पुढे मॉस्को, व्हॅलेन्सिया, दोहा, इस्तंबूल, सोपोट, पोर्टलंड आणि 2018 ला पुन्हा बर्मिंगहॅम. 2020 ची स्पर्धा चीनमध्ये नानजिंगला होती. कोरोनामुळे ती पुढे ढकलत ढकलत 2025 मध्ये झाली. तोवर 2022 ला बेलग्रेड आणि 2024 ला ग्लासगो होऊन गेलं होतं. स्पर्धेचा अनुक्रमांक लिहायच्या भानगडीत पडू नका. वर्ष आणि शहर लिहिलं की कधी घोटाळा होत नाही.

पहिल्या ओळीपाशी मात्र क्षणभर थांबा. 1985 ला पॅरिसमध्ये जे झालं त्याचं नाव 'वर्ल्ड इनडोअर गेम्स' होतं. 'चॅम्पियनशिप' हे नाव 1987 ला इंडियानापोलिसमध्ये लागलं. ही बाब किरकोळ वाटते, पण हिशोब इथेच चुकतात. बल्गेरियाच्या स्तेफ्का कोस्तादिनोवाची उंच उडीतली सुवर्णपदकं पाच की चार? सर्गेई बुबकाची पोल व्हॉल्टमधली (बांबू उडीतली) चार की तीन? दोन्ही आकडे तुम्हाला छापलेले दिसतील. 1985 धरलं तर कोस्तादिनोवाची पाच (1985, 1987, 1989, 1993, 1997) आणि बुबकाची चार (1985, 1987, 1991, 1995). नाही धरलं तर प्रत्येकी एक कमी. मी 1985 धरते आणि त्या ओळीपुढे 'गेम्स' असं लिहिते. मोझांबिकच्या मारिया मुटोलाची 800 मीटरमधली सात सुवर्णपदकं आणि क्युबाच्या इव्हान पेद्रोसोची लांब उडीतली ओळीने पाच, हे दोन्ही 1993 पासून सुरू होतात. तिथे कसलाच वाद नाही.

आता दुसरं पान. ते ट्रॅकचं आहे आणि मला सगळ्यात आवडतं. इनडोअरचा ट्रॅक 200 मीटरचा असतो. आपल्या किती तरी शाळांच्या मैदानावरही 200 मीटरचाच ट्रॅक आखतात. गॅदरिंगच्या आधी भल्या सकाळी खुंटी रोवून, दोरी ताणून मी तो अनेक वर्षं आखला आहे. हाताला फक्कीचा वास दुपारपर्यंत जात नसे. वळणं इतकी आवळलेली की पहिल्या लेनमधलं पोर जोरात आलं की बाहेर फेकलं जायचं, नाहीतर फक्कीवर पाय घसरून गुडघा फोडून घ्यायचं. लेनच्या चिठ्ठ्या काढताना एक नंबर आलेल्या मुलाचा चेहरा लगेच पडायचा. त्याच्या बाजूने भांडणारे पालकही मी पाहिले आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

जागतिक स्पर्धेत तीच अडचण होती. तिथे वळणं बाहेरच्या बाजूने उचललेली असतात, त्यामुळे वेग टिकतो. पण 200 मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या लेनवाल्याला रुंद वळण मिळतं आणि चढावरून खाली उतरत पळता येतं, आतल्याला आवळलेलं वळण मिळतं. निकाल जणू चिठ्ठ्या निघाल्या तेव्हाच लागायचा. म्हणून 2004 च्या बुडापेस्टनंतर 200 मीटर या स्पर्धेतून काढून टाकली. आपल्या वहीत 'थांबलेले प्रकार' म्हणून एक पान ठेवा आणि 200 मीटर तिथे लिहा. त्याच पानावर चालण्याच्या शर्यती येतील, पुरुषांची 5000 आणि महिलांची 3000 मीटर. त्या 1993 नंतर थांबल्या. मिखाईल श्चेन्निकोव्हने पुरुषांची ती शर्यत 1987 पासून चारही वेळा जिंकली. हे पान ठेवलं नाही तर त्याचं नाव वहीत कुठेच येणार नाही, आणि मला ते फार चुकीचं वाटतं.

उशिरा आलेल्या प्रकारांसमोर आल्याचं वर्ष टाका. महिलांचा पोल व्हॉल्ट 1997 ला आला. भालाफेक, थाळीफेक, हातोडाफेक छताखाली होत नाही, त्यामुळे नीरज चोप्राचं नाव या वहीत शोधू नका. मुलं हमखास विचारतात.

इथून पुढे एका प्रकाराला दोन पानं. रकाने असे: आकडा, नाव, देश, शहर, तारीख, फेरी, शेरा. मैदानी विक्रमांच्या वहीत वाऱ्याचा रकाना लागतो, इथे वाराच नाही. तो वाचलेला रकाना फेरीला द्या. फेरी कशाला, असं वाटेल. विल्सन किपकेटरचं उदाहरण घ्या. पॅरिस 1997, 800 मीटर. जुना विक्रम पॉल एरेंगचा, 1:44.84, तोही याच स्पर्धेतला, बुडापेस्ट 1989. किपकेटरने 7 मार्चला प्राथमिक फेरीतच 1:43.96 लावले. दोन दिवसांनी अंतिम फेरीत 1:42.67. नुसता विजेत्यांचा तक्ता उतरवला तर पहिला विक्रम हातातून निसटतो. 2022 ला बेलग्रेडमध्ये ग्रँट हॉलोवेने 60 मीटर अडथळ्यात 7.29 च्या विश्वविक्रमाची बरोबरी केली ती उपांत्य फेरीत. पाच अडथळे, सव्वासात सेकंद, आणि विक्रमाची वेळ अंतिम फेरीतली नाहीच.

शेऱ्याच्या रकान्याचं महत्त्व मला एका चुकीने शिकवलं. एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं. मी विचारलं, 1987 च्या जागतिक इनडोअर स्पर्धेत 60 मीटरचं सुवर्ण कोणाचं? माझ्या कार्डावर उत्तर होतं बेन जॉन्सन, 6.41. वहीत चिकटवलेल्या त्या वेळच्या पेपरातल्या कात्रणावरून मी ते उतरवलं होतं. आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "ली मॅक्रे." मी चूक म्हणून सांगितलं आणि गुण दिले नाहीत. घरी येऊन तपासलं तेव्हा पोटात खड्डा पडला. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जॉन्सन उत्तेजकात सापडला, नंतर कॅनडातल्या चौकशीत त्याने आधीपासून औषधं घेत असल्याची कबुली दिली, आणि त्याचे विक्रम व ते जागतिक सुवर्ण रद्द झालं. इंडियानापोलिसचं सुवर्ण 6.50 च्या मॅक्रेकडे गेलं. कात्रण छापलं त्या दिवशी खरं होतं, नंतर खोटं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या शाळेत जाऊन मी वर्गासमोर तिची माफी मागितली. तेव्हापासून माझा नियम आहे की कात्रणावरून विक्रम लिहायचा नाही. कात्रण आठवणीसाठी चिकटवा. आकडा वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या आजच्या अधिकृत यादीवरून घ्या. (2019 पर्यंतच्या कागदांवर याच संस्थेचं नाव आयएएएफ असं दिसेल, गोंधळू नका.)

शेऱ्यात आणखी काय येतं ते 2018 च्या बर्मिंगहॅमवरून कळेल. पुरुषांच्या 400 मीटरच्या एका प्राथमिक फेरीत पाचच्या पाच धावपटू बाद झाले, एक चुकीच्या सुरुवातीमुळे आणि चौघं लेनची रेघ ओलांडल्यामुळे. अंतिम फेरीत स्पेनचा ऑस्कर हुसियोस 44.92 मध्ये पहिला आला, झेंडा घेऊन आनंद केला, आणि मग तोही रेघेमुळे बाद. दुसरा आलेलाही बाद. सुवर्ण चेक प्रजासत्ताकाच्या पावेल मासलाकला, त्याचं ओळीने तिसरं. टीव्हीवर शर्यत पहिली संपवणारा दिसला म्हणून लगेच वहीत लिहिलं असतं तर दोनदा खोडावं लागलं असतं. निकालपत्रक येईपर्यंत हात आवरा.

त्याच वर्षीचा क्रिस्टियन कोलमनचा किस्सा मी प्रत्येक नव्या टाइमकीपरला सांगते. जानेवारीत त्याने अमेरिकेत 60 मीटर 6.37 मध्ये काढली, विश्वविक्रमापेक्षा चांगली. पण तिथे इलेक्ट्रॉनिक स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, म्हणून ती वेळ मान्य झाली नाही. फेब्रुवारीत अल्बुकर्कीला 6.34, हा मान्य झाला. मार्चमध्ये बर्मिंगहॅमला पुन्हा 6.37, आणि तो स्पर्धा विक्रम झाला, म्हणजे या जागतिक स्पर्धेतला तोवरचा सर्वांत चांगला आकडा. एकाच माणसाचा एकच आकडा, एक वहीत जातो आणि एक जात नाही.

यावरून आणखी एक सांगते: विश्वविक्रम आणि स्पर्धा विक्रम वेगळ्या पानांवर ठेवा. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, हवा विरळ आहे, तिथे छोट्या शर्यती वेगवान होतात. जागतिक स्पर्धा तिथे नसते. कुठे कुठे दोन्ही पानांवर एकच ओळ येते आणि ती लिहिताना मला आजही आनंद होतो. हाविएर सोतोमायोरची 2.43 मीटर उंच उडी, बुडापेस्ट, 4 मार्च 1989. आपल्या घराच्या दाराची चौकट साधारण सात फूट, म्हणजे 2.13 धरा. तिच्यावर आणखी फूटभर. मी दारात मुलांना उभं करून वर हात करायला लावते, मग त्यांना 2.43 कळतं. बेलग्रेड 2022 मधले, त्या वेळी विश्वविक्रम ठरलेले दोन आकडेही मोठ्या अक्षरांत लिहा: युलिमार रोहासची तिहेरी उडी 15.74 आणि आर्मंड डुप्लांटिसचा पोल व्हॉल्ट 6.20 (हा विश्वविक्रम त्याने पुढे स्वतःच मोडला).

आपल्या खेळाडूंसाठी शेवटची चार पानं राखा. मुरली श्रीशंकर बेलग्रेडला लांब उडीत सातवा आला, 7.92 मीटर. आशियाई इनडोअर स्पर्धा वेगळी. तिथे 2024 ला तेहरानमध्ये ज्योती याराजीने 60 मीटर अडथळ्यात 8.12 मध्ये सुवर्ण घेतलं. दोन्ही स्पर्धा एका पानावर मिसळू नका.

तारखेची एक खोच. ग्लासगोच्या स्पर्धेच्या वेळी आपण साडेपाच तास पुढे होतो. नेदरलंड्सच्या फेम्के बोलची 400 मीटरची अंतिम शर्यत मी पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर बघितली, आवाज बंद करून, घरचे झोपले होते म्हणून. पहिल्या फेरीनंतर घंटा झाली, ती आतल्या लेनवर सरकली आणि कोणाला पुढे येऊच दिलं नाही. 49.17. भिंतीवरच्या कॅलेंडरवर 3 मार्च लागला होता, विक्रमाची तारीख मात्र 2 मार्च 2024. तारीख नेहमी स्पर्धेच्या गावची लिहा.

आणि आता पेन्सिल. नवा विक्रम आला की आधी पेन्सिलने. उत्तेजक चाचणी, कागदपत्रं, सगळं तपासून संस्था मान्यता देते, त्याला काही आठवडे किंवा महिने लागतात. मान्यता आली की त्याच अक्षरांवरून काळं पेन फिरवा. जुना आकडा खोडरबराने पुसू नका, व्हाइटनर तर नकोच. पट्टीने एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. माझ्या वहीत महिलांच्या 400 मीटरच्या पानावर वर आहे यार्मिला क्रातोखविलोवा, 49.59, मिलान, 1982. तिच्याखाली जवळजवळ एकेचाळीस वर्षं काहीच नव्हतं. मग 2023 ला बोल, 49.26. 2024 च्या फेब्रुवारीत बोल, 49.24. त्यानंतर दोन आठवड्यांनी ग्लासगो. वरच्या तिन्ही ओळींवर रेघा आहेत आणि तिन्ही आकडे नीट वाचता येतात.