मजकूर डब्याबाहेर लोंबतोय? सीएसएसला हात लावायच्या आधीची तयारी

गणपती पंधरा दिवसांवर आले की गिरगाव-लालबागकडच्या एखाद्या मंडळाचा फोन ठरलेला, साइटवर वर्गणीदारांची नावं चौकटीबाहेर येतायत, जरा बघ ना. बघायला बसलं की पहिला मोह होतो सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेरचं झाकून टाक) लिहून मोकळं व्हायचा. नका टाकू, त्यापायी मी शिव्या खाल्ल्यात, ते पुढे येईलच.

आधी घाणेरडा डेटा जमवा. डिझाइनमध्ये कार्डावर 'रमेश' लिहिलेलं असतं आणि रमेश कधीच बाहेर येत नाही. खजिनदाराकडून खरी पावतीपुस्तकं मागून घ्या, त्यातल्या सगळ्यात लांबलचक दहा नोंदी जशाच्या तशा टाका, 'सौ. व श्री. अमुक आणि परिवार, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)' छापाच्या. पण खरं सांगायचं तर लांब वाक्याचा त्रास कमी असतो, त्यात स्पेस असते, ब्राउझर तिथे ओळ तोडून मोकळा होतो. त्रास देतं ते न तुटणारं. यूपीआय आयडी, ईमेल, मॅपची लिंक, आणि आपला खास आयटम म्हणजे कॉपी-पेस्ट केलेली मराठी लिंक. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, लिंकमध्ये प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ. 'प्रभादेवी'त काना-मात्रा-हलंत धरून नऊ चिन्हं आहेत, लिंकमध्ये त्याची झाली ८१ अक्षरं, मध्ये एकही स्पेस नाही. असली एक लिंक टेस्ट डेटात हवीच.

मग फोन. स्वतःचा नवाकोरा नको, घरातल्या आईबाबांचा घ्या, ज्यात फॉन्ट साइज शेवटच्या टोकापर्यंत ओढलेला असतो. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी काही गायब होता कामा नये असं आहे, आणि पान ३२० पिक्सेल रुंदीत आडवं स्क्रोल न करता वाचता आलं पाहिजे. लॅपटॉपवर तपासायचं तर १२८० रुंदीच्या खिडकीत झूम ४०० टक्के करा, तेच ३२० होतात. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पानाची रुंदी फोनच्या स्क्रीनएवढी धरायला सांगणारी ओळ) आहे ना तेही एकदा बघून घ्या, नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

आता चोर पकडायचं साधन. सगळ्या एलिमेंटना, म्हणजे पानावरच्या प्रत्येक डब्याला, तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नाही, आउटलाइनच, कारण बॉर्डर जागा खाते आणि मग लेआउटच हलतो. कोणता डबा स्क्रीनबाहेर गेलाय ते डोळ्यांना दिसतं. नाही दिसलं तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकेका एलिमेंटची स्क्रोलविड्थ (आतल्या मजकुराची रुंदी) क्लायंटविड्थपेक्षा (डब्याच्या आतल्या रुंदीपेक्षा) मोठी आहे का ते विचारा. बऱ्याचदा ज्याचा मजकूर बाहेर दिसतो तो निर्दोष असतो, भलत्याच कुणीतरी विड्थ १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे अख्ख्या खिडकीएवढी, दिलेली असते आणि डेस्कटॉपवर स्क्रोलबारची जागाही त्यात मोजली जाते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो फ्लेक्सपायी, म्हणजे डबे एका रांगेत बसवायच्या सीएसएसच्या पद्धतीपायी. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा येतो, बाकीचे निमूट सरकतात आणि खिडकीतला एकजण 'आता कुठे सरकू' म्हणून ढिम्म बसून राहतो ना, फ्लेक्समधलं मूल, म्हणजे रांगेतला आतला डबा, डिफॉल्टला तसंच असतं. त्याची मिन-विड्थ ऑटो असते, म्हणजे आतल्या न तुटणाऱ्या शब्दाएवढी, त्याखाली ते आकसतच नाही. त्याला मिन-विड्थ झिरो द्या, सरकतं. ग्रिडमध्येही (आडव्या-उभ्या चौकटींची मांडणी) तीच गोष्ट, १ एफआरचा, म्हणजे उरलेल्या जागेतल्या एका वाट्याचा, अर्थ मिनमॅक्स ऑटो ते १ एफआर असा असतो, तिथे मिनमॅक्स झिरो ते १ एफआर लिहा. आणि नेस्टेड फ्लेक्स, म्हणजे फ्लेक्सच्या आत फ्लेक्स, असेल तर हे प्रत्येक पातळीवर करावं लागतं, एका ठिकाणी करून 'चालत नाही' म्हणू नका.

जागा आकसली की आतला शब्द तुटायची सोय, त्यासाठी ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर. जुन्या कोडमध्ये वर्ड-रॅप दिसेल, ते त्याचंच आधीचं नाव. ब्रेक-वर्ड पण चालतं, फरक एवढाच की डब्याची किमान रुंदी मोजताना एनीव्हेअर हे तुटणं धरून चालतं, ब्रेक-वर्ड नाही. वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल मात्र मराठी मजकुरावर अजिबात नको, 'गणे' एका ओळीत आणि 'शोत्सव' दुसऱ्या ओळीत, खालची पूर्ण ओळ रिकामी असली तरी.

आता त्या शिव्या. एका मंडळाच्या कार्डावर वर स्मरणार्थची ओळ आणि खाली देणाऱ्याचं नाव असायचं. ओळ बाहेर यायला लागली तेव्हा मी नो-रॅप (ओळ तोडू नको), हिडन, एलिप्सिस (कापलेल्या जागी तीन टिंबं) असं तिन्ही लावून दिलं, एकदम स्वच्छ दिसायला लागलं. 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' या ओळीचं उरलं 'कै.' आणि तीन टिंबं, त्याच्या खाली लगेच धडधाकट वर्गणीदाराचं नाव. सकाळी काकांचा फोन, "अरे मेल्या, मी अजून जितो आसंय!" तेव्हापासून माझ्या यादीत एक प्रश्न कायम असतो, हा मजकूर कापला तर अर्थ काय उरतो. नाव, रक्कम, पत्ता कापायचा नाही, दोन ओळी होऊ देत. बातमीच्या गोषवाऱ्याला एलिप्सिस चालेल.

कापणं जावास्क्रिप्टमधून होत असेल तर आणखी सांभाळा. 'स्त्री'ची लेंग्थ ६ येते, दिसायला एकच अक्षर. पहिली दोन घेतलीत तर हातात पाय मोडका 'स्' येतो. इंटल सेगमेंटर (दिसणारी अक्षरं अख्खी वेगळी करणारं जावास्क्रिप्टमधलंच साधन) वापरा नाहीतर सरळ शब्दांवर कापा.

उंचीकडे कुणी बघत नाही. इंग्रजीसाठी लाइन-हाइट १.२ आणि बटणाला फिक्स उंची दिलेली असते, त्यात 'कीर्ती'ची वेलांटी आणि रफार वरून छाटले जातात. फिक्स हाइट काढून मिन-हाइट करा, लाइन-हाइट १.५च्या आसपास ठेवा. फॉन्ट कोणता येणार तेही आधी ठरवा, 'मुक्त' नावाचा असो की 'नोटो', आणि तो लोड व्हायच्या आधी सिस्टमच्या फॉन्टमध्ये पान कसं दिसतं तेही बघा, रुंदी बदलते.

जमाखर्चाचं टेबल उरलं, ते ओव्हरफ्लो ऑटोच्या (मावत नसेल तर स्क्रोल दे) डब्यात घालून आडवं सरकू द्या, मोबाइलवर त्याला दुसरा सोपा उपाय नाही. फक्त खजिनदार ते पान प्रिंट काढून मंडपाच्या बोर्डावर लावणार आहेत का ते विचारून घ्या. लावतातच. कागद काही सरकत नाही, उजवीकडचा 'शिल्लक'चा कॉलम नेमका कापला जातो, म्हणून प्रिंटच्या सीएसएसमध्ये त्या डब्याचा ओव्हरफ्लो व्हिजिबल करा, टेबलचा फॉन्ट एक साइज खाली आणा आणि एक ए-फोर प्रत स्वतः काढून बघा.