नवी कॅमेरा बॉडी घेताय? सेन्सरचे आकडे वाचताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की फोर्टात बोरा बाजारच्या दुकानांमध्ये एकच प्रश्न दहा तऱ्हांनी कानावर पडतो: "या दोघांत सेन्सर कुणाचा चांगला?" प्रश्न रास्त आहे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप; लाख-दीड लाख मोजायचे म्हटल्यावर आत काय बसवलंय हे माणूस विचारणारच. गोची अशी की उत्तरादाखल बहुतेकांना एकच आकडा हवा असतो. तो आकडा खरा असतो, पण तुम्ही जे फोटो काढता त्यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसू शकतो.

एकूण गुणांवर निकाल लावणे

सेन्सर तपासून गुण देणाऱ्या डीएक्सओमार्क या साइटचे गुण सगळ्यांना तोंडपाठ असतात. ते तीन मोजमापांवरून काढतात, हे मात्र फार थोडे जण बघतात. पोर्ट्रेट म्हणजे रंगांची खोली, लँडस्केप म्हणजे डायनॅमिक रेंज (एकाच फोटोत सगळ्यात उजळ ते सगळ्यात काळ्या भागापर्यंत किती पल्ला टिपला जातो) आणि स्पोर्ट्स म्हणजे कमी उजेडातली कामगिरी.

जुन्या बॉडींचं उदाहरण घेऊ, त्यांच्यावरची भांडणं एव्हाना मिटली आहेत. २०१० ची निकॉन डी७००० ही एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरची बॉडी, तिला ८० गुण. २०१२ ची कॅनन ५डी मार्क थ्री ही फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची, किमतीला कितीतरी जड, तिला ८१. म्हणजे सारख्याच? आतले आकडे उघडून बघा. डायनॅमिक रेंज निकॉनची १३.९ स्टॉप, कॅननची ११.७ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). कमी उजेडात दर्जा टिकवत निकॉन आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ११६७ वर अडली, कॅनन २२९३ पर्यंत गेली. सूर्यास्ताच्या फोटोत एक दोन स्टॉपने पुढे, तर रात्रीच्या हळदीत दुसरी जवळजवळ एक स्टॉपने पुढे. एकूण गुणांत यातलं काहीच दिसत नाही.

डीएक्सओमार्कच्याच हिशोबाने ५ गुणांचा फरक म्हणजे साधारण एक तृतीयांश स्टॉप. त्यामुळे ९२ आणि ९५ वरून मित्रांशी वाद घालायला हरकत नाही, पैसे मात्र त्यावर लावू नका. शिवाय हे सगळं मोजमाप रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने सजवलेल्या जेपीईजीवर नव्हे तर कच्च्या नोंदीवर होतं. ऑटोफोकस, लेन्स, रंगांची चव, बॅटरी यांपैकी काहीही त्यात धरलेलं नसतं.

डायनॅमिक रेंजचा आकडा कुठल्या आयएसओचा, ते न विचारणे

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून जरा थांबू.

"१४ स्टॉप डायनॅमिक रेंज" हे वाक्य जवळपास नेहमी बेस आयएसओबद्दल असतं, म्हणजे ६४ किंवा १०० बद्दल. वांद्र्याच्या बँडस्टँडवर ट्रायपॉड लावून तुम्ही मावळतीचा सी लिंक टिपताय, आकाश जळू नये म्हणून एक्स्पोजर खाली ठेवलंय आणि घरी येऊन खडकांची शॅडो (काळोखा भाग) चार स्टॉप उचलणार, म्हणजे उजळवणार आहात. अशा वेळी तो आकडा सोन्यासारखा. ५डी मार्क थ्रीची तीच शॅडो उचलली की काळ्या भागात आडवे-उभे पट्टे उठायचे. सिग्नलचं डिजिटल रूपांतर सेन्सरच्या बाहेर, वेगळ्या चिपवर व्हायचं आणि वाटेत खरखर (नॉईज) मिसळायची. २०१६ च्या ५डी मार्क फोरमध्ये ते रूपांतर सेन्सरवरच आणलं आणि तक्रार बरीच शमली.

आता दादरला शिवाजी मंदिरात नाटकाचे फोटो काढताय असं धरा. ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक) एफ २.८, शटर १/१२५, आयएसओ ६४००. आयएसओ एक स्टॉप वर नेला की वरच्या बाजूची जागा साधारण एक स्टॉपने कापली जाते. १०० पासून ६४०० पर्यंत सहा स्टॉप. तिथे पोहोचेपर्यंत बेसला दोन-अडीच स्टॉप पुढे असलेली बॉडी आणि मागे असलेली बॉडी, दोघी सेन्सरच्या आकाराने सारख्या असतील तर, जवळजवळ एकाच रेषेत येतात. अंधारात बहुतेक खरखर प्रकाशाचीच असते. फोटॉन कमी आले की त्यांच्या संख्येतला चढउतार डोळ्यात भरतो, त्याला सेन्सरची हुशारी फारशी पुरी पडत नाही.

म्हणून एक आकडा बघू नका, आलेख बघा. बिल क्लॅफ यांच्या फोटॉन्स टू फोटोज या साइटवर प्रत्येक बॉडीची डायनॅमिक रेंज आयएसओनुसार उतरत जाताना दिसते. आपल्या जुन्या फोटोंचा फोल्डर उघडा, सगळ्यात जास्त फोटो कुठल्या आयएसओवर आहेत ते शोधा आणि आलेखात फक्त त्या जागी दोन्ही बॉडी ताडून पाहा. अनेकदा दोन रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि मग प्रश्नच संपतो.

त्या आलेखात काही बॉडींची रेषा मध्येच एकदम वर उडी मारते. हे ड्युअल गेन, म्हणजे तिथून सेन्सर सिग्नल वाढवण्याची दुसरी, कमी खरखरीची पातळी वापरतो. सोनी ए७ थ्रीमध्ये ती उडी ६४० ला आहे. म्हणजे अंधाऱ्या हॉलमध्ये ५०० वर अडून बसण्यापेक्षा ६४० लावलेलं शॅडोला बरं. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला बहुधा ठाऊकही नसतं.

१०० टक्के झूम करून दोन कॅमेऱ्यांची तुलना

२४ मेगापिक्सेलचा फोटो आणि ४५ चा फोटो दोन्ही १०० टक्क्यांवर उघडले तर ४५ वाल्यात दाणे जास्त दिसणारच, कारण तुम्ही तो जास्त मोठा करून बघताय. दोन्ही एकाच मापाला आणा, मग बघा. डीएक्सओमार्कही तुलनेसाठी सगळ्यांना ८ मेगापिक्सेलच्या प्रिंटच्या मापाला आणतं. "मेगापिक्सेल वाढले की नॉईज वाढतो" हा समज बऱ्याच अंशी या झूममधूनच जन्मला आहे.

जेपीईजीवरून तुलना तर नकोच. त्यात कंपनीचं नॉईज रिडक्शन आधीच फिरलेलं असतं. दाढीचे केस मेणासारखे गुळगुळीत झाले असतील तर तो "स्वच्छ" फोटो सेन्सरने दिलेला नाही.

मेगापिक्सेल कशासाठी हवेत, हे न ठरवणे

लग्नाचं काम करणाऱ्यांसाठी सरळ हिशोब. करिझ्मा अल्बममधलं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल मागतं, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ मध्ये ते आरामात बसतं. १२ बाय ३६ च्या जोडपानावर एकच फोटो पसरवायचा असेल तर ६००० पिक्सेल रुंदीतून जेमतेम १६७ डीपीआय मिळतात, ४५ मेगापिक्सेलच्या ८२५६ पिक्सेलमधून २२९. पण अख्ख्या अल्बममध्ये अशी जोडपानं किती असतात? दोन, फार तर तीन.

ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपणाऱ्यांचं गणित उलटं आहे. पक्षी लांब, लेन्स कितीही मोठी असली तरी अपुरी, त्यामुळे क्रॉप ठरलेलाच. ६१ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी एपीएस-सी मोडवर टाकली तरी २६ उरतात, २४ वालीत तेच केलं तर १० च्या आसपास. इथे जास्त मेगापिक्सेलसाठी मोजलेला पैसा वसूल होतो. इन्स्टाग्रामपुरते फोटो टाकणाऱ्याने हा परिच्छेद विसरून जावा.

फुल फ्रेम म्हणजे आपोआप रात्रीचा राजा

फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, निकॉन-सोनीच्या एपीएस-सीचं ३६७ च्या आसपास, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचं २२५. एफ नंबर आणि शटर तेच ठेवलं तर फुल फ्रेमवर एपीएस-सीच्या दुपटीहून जास्त आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट प्रकाश पडतो. फायदा खराच आहे.

पण रंगमंचावर तीन नट पुढे-मागे उभे आहेत आणि तिघेही फोकसमध्ये हवेत, तर फुल फ्रेमवर ॲपर्चर बंद करावं लागतं, आयएसओ वर न्यावा लागतो आणि तो फायदा तिथेच परत करावा लागतो. पातळ फोकस चालतो तिथेच फुल फ्रेम पूर्ण पैसे वसूल करते.

आणि लेन्सकडे बघा की. बॉडीबरोबर येणाऱ्या किट लेन्सच्या लांब टोकाला एफ ५.६ मिळतं (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). ५० मिमी एफ १.८ ही घरातल्या सगळ्यांना परवडणारी लेन्स तीन स्टॉपहून जास्त प्रकाश घेते. एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर गेल्याने मिळतो सव्वा स्टॉप. खर्चाचा हिशोब तुम्हीच मांडा. माझं मत विचाराल तर किट लेन्स लावून फिरणाऱ्याने बॉडी बदलूच नये.

सेन्सर वाचायला किती वेळ घेतो, हे न बघणे

स्पेसिफिकेशनच्या पानावर हा आकडा सहसा छापत नाहीत. एकूण गुणांतही तो नाही. मुंबईत तर दोन ठिकाणी तो हमखास नडतो.

पहिलं, लोकल. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. काही फुल फ्रेम बॉडींना त्यासाठी १/१५ सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी फास्ट लोकल तेवढ्यात दीड मीटर पुढे सरकते. फ्रेममध्ये डबा वरपासून खालपर्यंत भरलेला असेल तर दाराचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. शटर १/४००० लावलं तरी डबा तिरका तो तिरकाच.

दुसरं, दिवे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१५ सेकंदात सहा-सात वेळा. गणपतीच्या मंडपात सायलेंट शटरवर १/१००० ने काढलेल्या फोटोत सहा-सात आडवे पट्टे दिसले तर सेन्सर बिघडलेला नाही. मेकॅनिकल शटरवर या, अँटी-फ्लिकर चालू करा, नाहीतर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. मोठ्या एलईडी स्क्रीनचं लुकलुकणं याहून बरंच जलद असतं. तिथे शटर बारीक टप्प्यांनी बदलू देणारी सोय बॉडीत आहे का, हे आधी विचारा.

वेगाची किंमतही मोजावी लागते. २०२४ मध्ये आलेल्या निकॉन झेड६ थ्रीचा सेन्सर झेड६ टूपेक्षा कितीतरी वेगाने वाचतो, पण बेस आयएसओला शॅडो उचलल्या तर जुनी झेड६ टू किंचित स्वच्छ निघते. सोनी ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, सगळ्या ओळी एकदम, तिरकं होणं संपलं. तिचा बेस आयएसओ मात्र २५० पासून सुरू होतो. क्रिकेट टिपणाऱ्याने ती डोळे मिटून घ्यावी. लँडस्केपवाल्याने तो पैसा लेन्सवर घालावा.

"कॅमेरा नॉईज देतो" म्हणून बॉडी बदलायला निघणे

आधी हे तपासा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) डावीकडे, म्हणजे काळ्या बाजूला चिकटलेला असतो का? कमी एक्स्पोज केलेला १६०० चा फोटो घरी उजळवण्यापेक्षा नीट एक्स्पोज केलेला ३२०० चा फोटो साधारणपणे स्वच्छ निघतो. ॲक्टिव्ह डी-लायटिंग किंवा ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर चालू आहे का? या सोयी जेपीईजीत शॅडो उचलतात आणि त्यांच्याबरोबर दाणेही वर येतात. कॅननच्या पडद्यावर आयएसओजवळ डी+ दिसतंय? मग हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू आहे आणि १०० आयएसओ मिळणारच नाही.

वापरलेली बॉडी सेन्सर न बघता उचलणे

मॉडेलच्या नावातला टू-थ्रीचा आकडा वाढला म्हणजे सेन्सर नवा, असं नसतं. झेड६ आणि झेड६ टूचा सेन्सर तोच आहे. त्यामुळे फक्त फोटोंचा दर्जा हवा असेल तर जुनीवर भाव करायला भरपूर वाव आहे.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड आणि लेन्स न्या. लेन्सचं झाकण लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचा एक फोटो घ्या. लाल-निळे-पांढरे ठिपके दोन-चार असणारच, चांदणं पसरल्यासारखे दिसले तर दुसरी बॉडी काढायला सांगा. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम घालवून. काळसर गोल डाग म्हणजे धूळ, ती ब्लोअरने किंवा सफाईने जाते. बारीक सरळ रेघ मात्र ओरखड्याची असू शकते. शेवटी आयएसओ १०० वर चार स्टॉप अंधारा फोटो घ्या आणि घरी लॅपटॉपवर उचलून पाहा. पैसे देण्याआधी एक दिवसाची मुदत मागून घ्या, ओळखीच्या दुकानात बहुतेक वेळा मिळते. मुदत द्यायला कुणी खळखळ केली तर त्याच गल्लीत पुढचं दुकान आहेच.