गणिताचा थ्रिलर गावात चार लोकांत बसून कसा बघायचा

गणितावरची षड्‌यंत्राची सिरीज एकट्यानं मोबाईलवर बघू नका, टीव्हीला लावा आणि शेजारपाजारच्यांना बोलवा, हे माझं पहिलं सांगणं. असल्या सिरीजमध्ये गोळीबार, पाठलाग हे सगळं असतंच पण खरा माल निघतो तो बघणाऱ्यांच्या प्रश्नांतून, आणि ते प्रश्न "गप बस, पुढं बघ" म्हणून दाबले तर सगळी रात्र वाया.

मी बोलून राहिलो ते प्राइम टार्गेट या सिरीजबद्दल. अॅपल टीव्ही प्लसवर जानेवारी २०२५ मध्ये आली, आठ एपिसोड आहेत. केंब्रिजमधला एक पोरगा मूळ संख्यांमधला (ज्या १ आणि स्वतःशिवाय कशानंच जात नाहीत त्या) पॅटर्न शोधत असतो, तो सापडला तर जगातलं कोणतंही कॉम्प्युटर उघडता येईल म्हणून त्याच्या मागं माणसं लागतात, आणि अमेरिकेची एनएसए ही गुप्तहेर संस्था गणितज्ञांवर नजर ठेवून असते. याच्या पुढची स्टोरी सांगत नाही.

आधी तयारी. नेटवर्क आपल्या इकडं रात्री कसं चालते ते माहीत आहे, त्यामुळं एपिसोड आधी डाऊनलोड करून ठेवा. बोलणं इंग्रजीत आहे, सबटायटल भरभर जातात, म्हणून एका जणानं अर्थ सांगायची जबाबदारी घ्यायची, तिघंचौघं एकदम सांगायला लागले की कोणालेच काही समजत नाही. थ्री फेजची लाईन रात्री असली तर ज्याची ओलिताची पाळी आहे तो मधातूनच उठून वावरात जाणार, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी थांबायचं, पुढचा एपिसोड लावायचा नाही. आणि एक जुनी वही, पेन्सिल, एक साधं कॅल्क्युलेटर जवळ पाहिजेच.

टीव्ही सुरू करायच्या आधी पोट्ट्यांकडून १ ते १०० लिहून घ्या. १ खोडा, मग २ सोडून दोनच्या पाढ्यातले सगळे खोडा, ३ सोडून तीनच्या पाढ्यातले, तसंच ५ आणि ७. उरतात त्या २५ मूळ संख्या. ही चाळणी पुस्तकात सगळ्यांनीच केलेली असते, पण हातानं परत केली की सिरीजमधला पोरगा कशाच्या मागं लागला ते म्हाताऱ्या माणसालेही दिसते. ५१, ५७ आणि ९१ वर हमखास भांडण होते, होऊ द्या, शेवटी पोरंच ३ गुणिले १७, ३ गुणिले १९, ७ गुणिले १३ काढून दाखवतात.

आता पहिला प्रश्न जो येतोच येतो, "येवढ्याशा आकड्यांसाठी जीव काऊन घेऊन राहिले गा?" इथं पॉज दाबा आणि हा खेळ करा. अर्ध्या लोकांना म्हणा ८३ गुणिले ९७ करा. मिनिटभरात उत्तर येते, ८०५१. दुसऱ्या अर्ध्यांना दुसऱ्या खोलीत आधीच नुसतं ८०५१ देऊन ठेवायचं आणि सांगायचं की हे कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे ते शोधा. तीननं जात नाही, सातनं जात नाही, अकरानं, तेरानं, सतरानं, एकोणीसनं... ज्याच्या हातात कॅल्क्युलेटर आहे तोही हळूहळू चिडायला लागते. आमच्याकडं एका मामीनं हे बघून लगेच म्हटलं, "तूर नि मूग एका टोपल्यात ओतायले काय लागते, पण निवडायले बसा मंग!" याच्यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं. गुणाकार सोपा, अवयव पाडणं कठीण, याच एका गोष्टीवर कॉम्प्युटरमधली माहिती लपवायची आरएसए नावाची कुलूपपद्धत उभी आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती बनवली, त्यांच्या आडनावांची पहिली अक्षरं म्हणजे आरएसए.

मग दुसरा प्रश्न, आणि हा भीतीचा असतो, "मंग आपले बँकेतले पैसे कोणी बी काढून घेईन का?" याला हसण्यावारी नेऊ नका. ज्या माणसाचे कापसाचे पैसे नुकतेच खात्यात आले त्याच्यासाठी हा प्रश्न सिरीजपेक्षा मोठा आहे. नीट सांगा. आपण ८०५१ घेतला तो चार अंकी होता. आजकाल नेहमी वापरतात ती आरएसएची चावी २०४८ बिटची असते, म्हणजे ६१७ अंकी संख्या, वहीचं पानच्या पान भरेल एवढी, आणि ती तीनशेच्या वर अंक असलेल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. 'फोडून दाखवा' म्हणून जाहीर केलेल्या अशा संख्यांपैकी २५० अंकी संख्या फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून फोडली ती २०२० मध्ये, तीही हजारो कॉम्प्युटर कामाला लावून. ६१७ अंकीवाली अजून कोणी फोडून दाखवलेली नाही. आणि आपल्या भागात लोकांचे पैसे जातात ते फोनवर ओटीपी सांगितल्यानं, लिंकवर बोट ठेवल्यानं. हे त्याच बैठकीत सांगून टाका, कारण तेव्हा सगळे कान देऊन ऐकत असतात, एरवी कोणी ऐकत नाही.

इथं एक हुशार पोट्टं म्हणणारच, "सगळ्या मूळ संख्यांची लिस्टच बनवून ठेवली तर?" शाबासकी द्या त्याला, हाच तर सिरीजचा गाभा आहे. पण ३०० अंकांपर्यंतच्या मूळ संख्या मोजायला गेलं तर १ वर २९७ शून्यं यांच्याहूनही जास्त भरतात, आणि आपल्याला दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वातले अणू धरले तरी १ वर ८० शून्यांच्या आसपास. लिस्ट लिहायला जागाच नाही. पॅटर्न सापडला तरी तेवढ्यानं कुलूप उघडत नाही. मूळ संख्या देणारी सूत्रं गणितात आधीपासून आहेत, पण ती इतकी हळू चालतात की कामाची नाहीत. मूळ संख्या कुठं आहेत हे समजणं वेगळं आणि दिलेली एक मोठी संख्या फोडणं वेगळं, सिरीज या दोन गोष्टींची गाठ फार पटकन मारते, आणि माझ्या मते तिची सगळ्यात कच्ची जागा हीच आहे.

तिसरा प्रश्न, "खरंच कोणाले पॅटर्न सापडला का?" याच्यासाठी मला सगळ्यात जास्त वेळ द्यायला आवडते. भिंतीवर खडूनं ४१ लिहा. त्यात २ मिळवा, ४३. मग ४ मिळवा, ४७. मग ६, मग ८, मग १०, असं वाढवत चला. ५३, ६१, ७१, ८३, ९७... प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. लोक पुढं सरकून बसतात, कोणीतरी म्हणतेच की सापडला ना पॅटर्न, पाठवा केंब्रिजला. चालू ठेवा. अशा चाळीस संख्या ओळीनं मूळ निघतात, शेवटची १६०१, आणि एकेचाळिसावी येते १६८१, जी ४१ गुणिले ४१ आहे. संपलं. ऑयलर या गणितज्ञानं हे १७७२ मध्ये दाखवलं होतं. चाळीस वेळा खरं ठरलेली गोष्ट एकेचाळिसाव्या वेळी खोटी पडू शकते, म्हणून गणितवाले सिद्धतेसाठी एवढा जीव टाकतात हे त्या क्षणी सगळ्यांना समजते. आकडे मोठे होत गेले की मूळ संख्या किती विरळ होतात ते १८९६ मध्ये सिद्ध झालंय, पण त्यांच्या बारीक चढउताराबद्दल रीमान या गणितज्ञानं १८५९ मध्ये मांडलेला अंदाज अजून सुटलेला नाही, त्याच्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे.

चौथा प्रश्न पारावरच्या राजकारणवाल्यांचा, सरकार गणित लपवते का? तर हो, लपवलंय. आरएसएचीच युक्ती ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्त खात्यात क्लिफर्ड कॉक्स नावाच्या माणसानं १९७३ मध्येच काढली होती, तोही केंब्रिजलाच शिकलेला, आणि ती बाहेर आली १९९७ मध्ये. म्हणजे जगात दुसऱ्यांनी शोधून नाव कमावलं तरी याला बोलता येत नव्हतं. हे सांगितलं की सिरीजमधलं वातावरण उगाच वाटत नाही.

पण याच्या जोडीला कानपूरचं सांगितल्याशिवाय उठू नका. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे का नाही हे पक्कं आणि झटपट ठरवायची पद्धत काढली. कयाल आणि सक्सेना तेव्हा तिथंच शिकत होते. जगभर गाजलं, आणि कोणी मागं लागलं नाही, त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. संख्या मूळ आहे का ते सांगता येते, पण नसली तर तिचे अवयव कोणते ते या पद्धतीनं समजत नाही, म्हणून कुलूप शाबूत राहिलं. आमच्याकडच्या पोरांचे डोळे मी इथंच चमकताना पाहिले, केंब्रिज लांब वाटते, कानपूर रेल्वेनं जाता येते.

बगदादचा भाग येते तेव्हा जास्त थांबायची गरज नाही, एवढंच सांगा की बैत अल-हिकमा हे तिथलं जुनं विद्येचं घर खरंच होतं, अल-ख्वारिझ्मी हा गणितज्ञ तिथलाच, आणि १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. जमिनीखाली सापडणारं रहस्य मात्र सिरीजवाल्यांचं.

काही जण, जास्त करून शिकलेले, म्हणतील की यात गणित कुठंय, नुसता फळ्यावर खडू फिरवून राहिला. तक्रार खरी आहे, मलाही तेच खटकलं. आकडे दिसतात पण बघणाऱ्याला एकही पायरी हाताला लागू देत नाहीत. म्हणूनच वही जवळ ठेवायची. ती कसर आपण भरून काढायची.

"आणि ते क्वांटम का काय ते?" हा प्रश्न शेवटच्या एपिसोडपर्यंत कोणीतरी आणतेच. पीटर शोर या गणितज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की अणूंच्या पातळीवरच्या नियमांवर चालणारं पुरेसं मोठं क्वांटम कॉम्प्युटर बनलं तर अवयव झटपट पडतील. तेवढं मोठं अजून बनलेलं नाही, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांची मानकं काढली सुद्धा.

सिरीज संपल्यावर पोट्टे रिकामे बसू देऊ नका. चौकटीच्या वहीत वीस बाय वीसची जागा आखा. मधल्या चार घरांपैकी खालच्या डाव्या घरात ४१ लिहा, उजवीकडच्या घरात ४२, त्याच्यावर ४३, मग डावीकडं वळून ४४, ४५, मग खाली, असं गोल गोल भरत ४४० पर्यंत जा. मूळ संख्यांना लाल पेन्सिलनं गोल करा. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेवरची वीसच्या वीस घरं लाल होतात. मग तीच चौकट ४१ ऐवजी १ पासून भरायला सांगा आणि तिरप्या रेषा कुठं कुठं तुटतात ते त्यांचं त्यांना शोधू द्या.